मढेवाटेवरचं बुजवलेलं दार

फोटो खुशाल काढा, पण त्या बुजवलेल्या दाराला हात लावू नका. ही आमच्या सोनवेढ्याची मढेवाट. दोन्ही बाजूंना घरांच्या पाठी. एक दार नाही, खिडकी नाही. गाव वसवलं तेव्हाच रस्त्यांची कामं वाटून दिली, असं सांगतात. पेठ व्यापाराला, पाणवाट नदीवर जायला, गोवाट गुरांना आणि ही मेलेल्यांना. नगरपालिकेच्या यादीत ही आता 'जोडरस्ता' आहे. असू दे. रिक्षावाला इकडे वळत नाही.

तो समोरचा दगड विसाव्याचा. तिथे तिरडी टेकवून पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात. मेलेल्याने घराची वाट विसरावी म्हणून.

निवृत्तीशेट नावाचा कापडवाला होता म्हणे. त्याच्या घराचं तोंड पेठेत, पाठ या दगडासमोर. पेठेत गाड्या अडकायच्या, म्हणून त्याने माल उतरवायला पाठच्या भिंतीत दार पाडलं. लोकांनी परोपरीने समजावलं, पण ऐकेल तर शेट कसला!

आठवड्याभरात एक तिरडी आली. खांदेकरी बदलत होते आणि समोर दार सताड उघडं. मेलेल्याला घर दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी आत कोणीतरी चालायचं. मग शेटची चार वर्षांची चिमी तापाने फणफणली. रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "आई, ते बघ." रोज ते बोट थोडं जवळ यायचं. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या उशाशी बोट दाखवलं. तिच्या आईने, भिवराबाईने, तिला उचलून छातीशी धरलं.

जाणती माणसं म्हणाली, नुसतं दार बुजवलं तर तो मेलेला आतच राहणार. कोणीतरी पुढे होऊन त्याला मसणापर्यंत न्यायला हवं, आणि नेणारं माणूस परतलं तर तोही मागोमाग येणार. भिवराबाई नवऱ्याला म्हणाली, "मी त्याला घेऊन बाहेर पडले की विटा रचा. मी हाक मारली तरी थांबू नका."

शेट रडत विटा रचत होता. बाहेर तिची पावलं लांब गेली, त्यांच्यामागे आणखी कुणाची तरी. भिंत अर्ध्यावर आली तेव्हा हाक आली, तिच्याच आवाजात. त्याने हात थांबवला नाही. हाक खरंच तिची होती का, ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही म्हणे. संध्याकाळी चिमीचा ताप उतरला. भिवराबाई पुन्हा कोणाला दिसली नाही.

आजही विसाव्यावर तिरडी टेकली की घरातलं माणूस मेलेल्याच्या कानाशी वाकून सांगतं, "बाई पुढं गेल्यात. त्यांच्यामागं जा." माझी बायको गेली तेव्हा ते मीच सांगितलं. भिवराबाईची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी ती पुढे असू दे, एवढंच मागितलं.