पोटात दिवा असलेलं विमान

“...मग आणखी किती दिवे लावू, चाचा?”

श्रेणिकनं विचारलं तेव्हा माळावर अंधार पडत होता, नि मी शेळ्या घेऊन तिथंच थांबलो होतो. त्याच्या हातात फोमचं विमान होतं, रिमोटवर उडणारं, त्यानंच कापून चिकटवलेलं. पंखांवर, पोटाखाली, शेपटीला, जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या दिव्यांच्या पट्ट्या.

आधीची दोन अंधारातच पडून मोडली होती. हेही मोडलं तर रात्रीचं नाव काढायचं नाही, असं गफूरचाचांनी त्याला बजावलेलं. माळावर विमानं उडवायला तेच शिकवायचे.

चाचांनी विमान तळहातावर तोललं.

“वरात कुणाची आहे?”

श्रेणिक हसला नाही. दिवे कमी पडले म्हणूनच आधीची गेली, असं त्याचं म्हणणं.

चाचा खाली बसले नि एकेक पट्टी सोलायला लागले. सावकाश, कणीस सोलावं तशी. जड विमान जोरात पळवावं लागतं, अंधारात जोर कामाचा नाही, एवढं पुटपुटले. आणि सगळीकडून सारखंच पांढरं दिसलं, तर ते येतंय का जातंय, कळायचं कसं?

मग खिशातून काढून डाव्या पंखाच्या टोकाला एक लाल दिवा लावला. उजव्याला हिरवा. एक आखूड पट्टी पोटात, फोमच्या आत सरकवली.

“एवढ्यानं काय दिसणार...”

“रिमोट धर.”

चाचांनी विमान हवेत सोडलं.

मी त्या माळावर जन्मभर शेळ्या वळल्या, पण असं काही बघितलं नव्हतं. अख्खं अंग आतून उजळलेलं, दुधी काचेसारखं. इतकं हळू फिरत होतं की आवाजच नाही. आम्ही तिघं नुसते वर बघत राहिलो...

मग उतरवायची वेळ आली. खाली सगळा काळोख. जमीन दिसत नाही, बॅटरी मारा, म्हणून श्रेणिक विनवायला लागला.

चाचांनी हातातली बॅटरी खिशात घातली.

विमान खाली येत राहिलं... आणखी खाली...

आणि एकदम त्याच्या पोटाखाली गवताची टोकं उजळली. काडी न् काडी वेगळी. त्यांच्यावर ते अलगद टेकलं.

श्रेणिक विमानाजवळ जाऊन वाकला. मग हलकेच म्हणाला, “अगदी शेवटपर्यंत जमीन दिसतच नव्हती, चाचा.”

“तोवर तू लांब होतास.”