निवडक श्रीपती-दस्तगीर

कवठी गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी होता. त्याला जे सांगाल ते तो करायचा. अडचण तीच होती.

त्याच गावात श्रीपती आणि दस्तगीर ही जोडी होती. श्रीपती कीबोर्ड वाजवायचा, दस्तगीर इलेक्ट्रॉनिक पॅड बडवायचा. पंचवीस वर्षं आसपासची एकही वरात त्यांच्याशिवाय हलली नव्हती. पण यंदा तालुक्याहून भिंतीएवढे स्पीकर घेऊन एक नवा डीजे आला होता, आणि जत्रेच्या पालखीपुढे कोण वाजवणार हे कमिटीने अजून ठरवलं नव्हतं. पालखी गेली की आपलं वाजवणंही गेलं, हे दोघांना कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, की आजवरची निवडक गाणी एका पेनड्राइव्हवर घ्यायची आणि जत्रेच्या सभेत सगळ्या गावाला ऐकवायची.

गाणी होती लोकांच्या घरी, लग्नांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये. ती गोळा करून लॅपटॉपवर साफ करायचं काम म्हाळूकडे आलं.

पहिल्या गाण्यात ऐन रंगात एक बाई ओरडली, "सुमे, भाकरी करपली." दस्तगीरने समजावलं, की बाईचा आवाज कापायचा आणि गाणं ठेवायचं.

"बरं," म्हाळू म्हणाला.

दुसरं गाणं हौसाक्काचं. तिच्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता. म्हाळूने ते साफ करून आणलं तर नुसतंच टाक-धूम, टाक-धूम. श्रीपतीने विचारलं, हौसाक्का कुठंय?

"बाई होती. कापली."

हौसाक्का शेजारीच बसली होती. तिने पदर खोचला. श्रीपतीने घाईघाईने सांगितलं, की गाण्यातलं माणूस कधी कापायचं नसतं.

"बरं," म्हाळू म्हणाला.

तिसरं गाणं देवीचं. त्यात दोन कडव्यांच्या मधे जनरेटरवाला वायरमनच्या आईचा उद्धार करत होता. म्हाळूने तो नीट जपला होता. वर त्याचा आवाजही वाढवला होता.

"माणूस आहे," तो म्हणाला.

दस्तगीरने कपाळाला हात लावला. मग पॅडवरचं लाल बटण दाखवलं. ते दाबलं की "श्रीपती-दस्तगीर! पुन्हा एकदा!" ही जोडीची ठरलेली आरोळी उठायची. त्यांचं गाणं कुणी आपल्या नावावर खपवू नये म्हणून ती प्रत्येक गाण्यात असायची.

"हे बघ म्हाळू, शिवी यायला लागली की हे दाब. मधे रिकामी जागा पडली तरी दाब. डोकं लावू नको."

"नाही लावणार," म्हाळूने शब्द दिला. आणि तो पाळला. गाणी झकास झाली.

जत्रेच्या सभेत पेनड्राइव्ह पॅडला जोडून म्हाळूला तिथेच बसवलं. गाणी वाजली. आपापल्या वराती आठवून म्हातारे मान डोलवू लागले. हौसाक्काच्या गाण्याला तर कमिटीचे अध्यक्ष बाजीअण्णा डोळे पुसत होते. पालखी आपलीच, असं श्रीपतीने दस्तगीरला खुणेने सांगितलं.

अण्णा माइकपाशी आले. म्हणाले, की आपले जुने अध्यक्ष दत्तूआबा गेल्या महिन्यात वारले, तर पालखीची सुपारी जाहीर करण्याआधी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू. सगळा गाव उभा राहिला. कुणी खोकलंसुद्धा नाही.

म्हाळूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एवढी मोठी रिकामी जागा त्याला एकाही गाण्यात सापडली नव्हती.

"श्रीपती-दस्तगीर! पुन्हा एकदा!"

आबांच्या फोटोचा हार हलला. श्रीपती खुर्चीमागे बसला. दस्तगीर त्याच्यामागे. अण्णांनी लालबुंद होऊन माइक ओढला.

"ऐका रे सगळे. यंदाच्या पालखीची सुपारी ह्या नाला—"

शिवी यायला लागली होती. म्हाळूने डोकं लावलं नाही.

"श्रीपती-दस्तगीर! पुन्हा एकदा!"

मागच्या लोकांना एवढंच ऐकू आलं: पालखीची सुपारी, श्रीपती-दस्तगीर, पुन्हा एकदा. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी गुलाल उधळला. तालुक्याच्या डीजेने मुकाट्याने स्पीकर ट्रकमध्ये चढवायला घेतले.

अण्णा दोन्ही हात हलवत माइकवर आले.

"अहो, मी तसं म्हणालोच नाही. ह्या गाढ—"

म्हाळूचं बोट बटणावरच होतं.