तीन राघू, दोन हंस

एका गावात एका मागावर दोघं जण विणायला बसत. उजवीकडे केरबा, डावीकडे त्याची बायको सगुणा. लुगड्याच्या उजव्या काठावर केरबा हंस विणी, डाव्या काठावर सगुणा राघू. हंस नऊ बोटं लांब, राघू सहा बोटं. केरबा विणताना मान वर करत नसे. "आता दोघांचं बरोबर आलं हं," असं सगुणाच मधूनमधून सांगे. तो "हूं" म्हणून पुढं विणत राही.

त्यांची लेक चिमा. तिच्या लग्नाचं लुगडं मागावर असताना सगुणा गेली.

लुगडं वीतभर, म्हणजे बारा बोटं, कमी होतं. लग्न तोंडावर आलं तेव्हा केरबा मागाशी येऊन बसला. शेवटचा हंस आणि शेवटचा राघू एकाच ठिकाणी पुरे झालेले होते. इथून पुढं विणायचं, तर पुन्हा दोघं एकत्र कुठं पुरे होतील? त्या गावात अर्धा पक्षी लेकीबरोबर सासरी पाठवत नसत.

केरबानं पाढा म्हटला. नऊ सक चोपन्न. चोपन्न बोटं म्हणजे नऊ राघू. राघूंचं हिरवं रेशीम सगुणानं स्वतः रंगवलेलं होतं. तसा हिरवा दुसऱ्या कुणाला साधत नसे. आणि ते चार राघूंपुरतंसुद्धा उरलं नव्हतं.

शेजारचा लिंबाजी विणकर म्हणाला, "राघू ताण की नऊ बोटांपर्यंत. लग्नात कोण पट्टी घेऊन येतंय?"

"काका, ताणलेला राघू बगळा दिसेल," चिमा म्हणाली.

"मग हंस आखूड करा."

"त्याचं बदक होईल."

केरबाला कितीतरी दिवसांनी हसू आलं. मग तो म्हणाला, "नाही लिंबाजी. तिचा राघू मी ताणायचा नाही."

"मग बसा मोजत," म्हणून लिंबाजी निघून गेला.

चिमानं हळूच विचारलं, "आबा, विणलेलं उलगडून बघू या?"

विणलेलं लुगडं मागाच्या रुळावर गुंडाळलेलं होतं. सगुणा गेल्यापासून केरबानं त्याला हात लावला नव्हता.

"नको," तो म्हणाला.

चिमा आईचं उरलेलं हिरवं रेशीम गुंडाळू लागली. थोड्या वेळानं केरबानंच रूळ सैल केला.

दोघांनी कापड पसरलं. चिमा एका काठावरून बोट फिरवू लागली. सहा, बारा, अठरा. मग दुसऱ्या काठावरून. नऊ, अठरा.

"हे बघा, इथं भेटले. पुढं परत इथं. तीन राघू झाले की दोन हंस होतात."

"मग माझं चोपन्न चुकलं?"

"चुकलं नाही आबा. चोपन्नलाही भेटतातच. पण त्याआधी दोनदा भेटून झालेलं असतं."

केरबा कापडाकडे बघत राहिला. "बाजारातून येताना ती अशीच चालायची," तो म्हणाला. "माझी दोन पावलं, तिची तीन. मला वाटायचं, ती मागं पडते."

चिमा आईच्या जागेवर बसली. ती राघू विणू लागली, तो हंस. अठरा बोटं विणून झाली. वीतभर हवं होतं, दीड वीत झालं. हिरव्या रेशमाचा एक लहानसा गुंडा उरलासुद्धा.

"आता दोघांचं बरोबर आलं हं, आबा," चिमा म्हणाली.

या वेळी केरबा "हूं" म्हणाला नाही. त्यानं मान वर केली आणि डावीकडे पाहिलं.

तात्पर्य: दोन निराळी मापं जुळवायची, तर एकाला ताणू नये, दुसऱ्याला छाटू नये. दोघांना आपापल्या मापानं चालू द्यावं आणि ती पहिल्यांदा जिथं एकत्र पुरी होतात, ती जागा शोधावी. शाळेत तिला लसावि म्हणतात. ती जागा पुष्कळदा आपल्याला वाटते त्यापेक्षा जवळ असते.