चव बघता का, शेठ?

एका नदीकाठच्या आश्रमात एकदा एका व्यापाऱ्याला त्याच्या मुलांनी बैलगाडीत बसवून आणले. रेवणशेठ त्यांचे नाव. पेठेत कापडाचे मोठे दुकान होते, आणि शेठ स्वतः असे बोलघेवडे, की गिऱ्हाइकाने साधा पंचा घ्यायला यावे आणि गप्पांच्या नादात लुगडे घेऊन जावे. पण त्या दिवशी गाडीतून जो माणूस उतरला, त्याच्या गालांची हाडे वर आली होती आणि सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. धाकट्या मुलाने हात धरला म्हणून ते चालले, ओसरीवर बसवले म्हणून बसले.

थोरला मुलगा आचार्यांच्या पाया पडला. "बाबा, अप्पा जेवत नाहीत. श्रावणात आमची बहीण तापानं गेली. आई गेल्यापासून घर तीच बघायची, अप्पांचं पान तीच वाढायची. आता आम्ही ताट पुढं ठेवतो, तर दोन घास तोंडात घालतात आणि उठतात. वैद्य म्हणतात, रोग काही नाही. पण असंच चाललं तर हिवाळा निघणं कठीण आहे."

आचार्य फार वृद्ध होते. गुडघे धरलेले असत, चालताना भिंतीचा आधार लागे. तरी आश्रमाचा स्वयंपाक ते अजून स्वतः करीत. त्यांच्या हातच्या आमटीसाठी लोक मुद्दाम जेवायच्या वेळेला दर्शनाला येतात, असे गावात गमतीने म्हटले जाई. त्यांनी शेठजींकडे बराच वेळ पाहिले आणि मुलांना म्हणाले, "राहू द्या त्यांना इथं. तुम्ही दुकान सांभाळा."

आश्रमात गिरिधर नावाचा एक शिष्य होता. तिशीचा, अभ्यासू, आवाज गोड. आसपासच्या गावांतून त्याला प्रवचनाला बोलावणी येत, आणि कृतज्ञता हा त्याचा आवडता विषय होता. शेठजींना पाहून त्याला मनापासून वाईट वाटले. दिवेलागणीला तो त्यांच्याजवळ जाऊन बसला.

"शेठजी, जे गेलं त्याकडे पाहून मन खचतं," तो हळुवारपणे म्हणाला. "जे आहे त्याकडे पाहावं. दोन कर्ते मुलगे आहेत, भरलेलं दुकान आहे, देहाला व्याधी नाही. आणि कन्येचं म्हणाल, तर सोळा वर्षं तो ठेवा परमेश्वरानं तुमच्या घरी ठेवला. त्या सोळा वर्षांबद्दल त्याचे आभार मानावेत. आभार मानले की दुःख हलकं होतं."

शेठजींनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "महाराज, तुमच्या घरातलं कुणी गेलंय का कधी?"

गिरिधर गडबडला. "नाही. आईवडील, भावंडं, सगळी सुखरूप आहेत."

"असू देत," शेठ म्हणाले. "सगळी असू देत." आणि उठून घाटाच्या पायरीवर जाऊन बसले. त्या रात्री त्यांनी ताटाला हातही लावला नाही.

गिरिधरच्या मनाला ते फार लागले. शेठ रागावले असते, तर त्याने उत्तर शोधले असते. पण त्यांनी तर आशीर्वाद दिला होता. तो आचार्यांकडे गेला. ते उद्याची डाळ निवडत बसले होते. सगळे ऐकून घेतल्यावर ते एवढेच म्हणाले, "तू सांगितलंस त्यात खोटं काही नव्हतं. उद्या चूल जरा लवकर पेटव."

दुसऱ्या दिवशी आमटीला उकळी फुटली तेव्हा आचार्यांनी ओसरीवरच्या शेठजींना हाक मारली. "शेठ, जरा इकडे येता का? चव बघता का आमटीची?"

शेठ उठून आले. मोठ्या माणसाचा शब्द मोडू नये, एवढेच त्यात होते. आचार्यांनी पळीतली थोडी आमटी त्यांच्या तळहातावर घातली. त्यांनी ती जिभेला लावली.

"ठीक आहे."

"बरं," म्हणून आचार्यांनी पातेले उतरवले.

पंगत बसली आणि पहिल्याच घासाला सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आमटीत मीठच नव्हते! आश्रमातल्या विद्यार्थ्यांनी माना खाली घालून ती कशीबशी संपवली. एवढा म्हातारा माणूस, एखादे वेळी विसरायचाच, असे ज्याने त्याने मनाशी म्हटले. शेठजींनी दोन घास खाल्ले आणि ते उठले.

पण दुसऱ्या दिवशी तेच झाले. "चव बघता का, शेठ?" "ठीक आहे." आणि पुन्हा अळणी आमटी. पुढे तर भाजीसुद्धा बिघडू लागली. कधी तिखटच नाही, कधी हळद इतकी की जीभ कडवट व्हावी. विद्यार्थी आपसांत कुजबुजू लागले. बाबांचे आता वय झाले, स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी हातात घ्यावा, पण हे त्यांना सांगायचे कुणी? सगळ्यांच्या नजरा गिरिधरकडे वळल्या. त्यालाही काळजी वाटत होती. ज्या गुरूंच्या स्मरणशक्तीचे दाखले तो प्रवचनात देई, त्यांना मिठाची आठवण राहू नये, ही कल्पनाच त्याला सोसवत नव्हती.

आपण जवळ राहून पाहावे, म्हणून एके दिवशी तो सरपण ठेवण्याच्या निमित्ताने चुलीपाशी रेंगाळला. आचार्यांनी मिठाचा सट उघडला, चिमूट भरून घेतली, पातेल्यापर्यंत हात नेला. मग ओसरीकडे एकदा पाहिले आणि मीठ पुन्हा सटात टाकले. झाकण लावले आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, "शेठ, चव बघता का?"

गिरिधर थक्क झाला. पण बोलायला अवसर मिळाला नाही, कारण शेठ येऊन उभे राहिले होते. त्यांनी तळहात पुढे केला, आमटी जिभेला लावली, आणि त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली.

"मीठ नाही यात," ते म्हणाले.

"अरेच्चा!" आचार्य म्हणाले. "किती घालू? तुम्हीच घाला बरं अंदाजानं."

शेठजींनी सटातून मीठ घेतले, घातले, ढवळले, पुन्हा चाखले, आणखी किंचित घातले. त्या दिवशी आमटी चवदार झाली. विद्यार्थ्यांनी दोन-दोनदा मागून घेतली. शेठजींनी अर्धी भाकरी खाल्ली. आचार्यांनी त्यांच्या पानाकडे पाहिलेही नाही.

मग ते रोजचेच झाले. हाक यायच्या आतच शेठ चुलीपाशी येऊन बसू लागले. आज फोडणी करपली, आज डाळ बोटचेपीच राहिलीय, असे काहीबाही बोलू लागले. एकदा तर "बाबा, भाकरी थापताना तुमचं लक्ष कुठं असतं हो?" असेही म्हणाले. विद्यार्थ्यांना हसू आवरेना. आचार्य ओशाळल्यासारखे करून मान डोलवत.

आणि एके दिवशी दुपारी शेठ चाखता चाखता म्हणाले, "चिंच फार झाली. थोडा गूळ घातला पाहिजे."

आचार्यांनी गुळाची ढेप पुढे सरकवली. शेठजींनी एक खडा फोडला, पातेल्यात सोडला आणि ढवळू लागले. गूळ विरघळला, वाफेबरोबर त्याचा वास वर आला, आणि त्यांचा हात थांबला.

"नंदा फार गूळ घालायची," ते म्हणाले. "मी रोज ओरडायचो तिला. म्हणायचो, अगं ही आमटी आहे की पाक? तर म्हणायची, अप्पा, दुकानात एवढं गोड बोलता, ते कुठून येतं मग?"

बोलता बोलता ते हसले. आणि तसेच हसत असताना त्यांना रडू कोसळले. पळी हातातून निसटली. गाडीतून उतरल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. आता मात्र ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडत होते. गिरिधर धावत पुढे झाला. आचार्यांनी हाताच्या खुणेने त्याला थांबवले, स्वतः पळी उचलून धुतली आणि आमटी खाली लागू नये म्हणून हलकेच ढवळत राहिले. पुष्कळ वेळाने शेठजींनी उपरण्याने डोळे पुसले. "आणखी एक खडा टाका," ते म्हणाले. "आज तिच्यासारखी होऊ दे."

त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पंगत उठल्यावर आचार्य ओसरीवर टेकले, तेव्हा गिरिधर त्यांच्यापाशी आला. "बाबा, त्या दिवशी मी पाहिलं. मीठ तुम्ही मुद्दामच घालत नव्हता. हे खोटं वागणं नव्हे का?"

आचार्य हसले. "आमटी अळणी केली, हे खरं. पण मला चव कळत नाही, असं मी म्हटलं का कधी? बघता का, एवढंच विचारलं."

"पण कशासाठी?"

"गिरिधर, शेठ आले तेव्हा सगळ्याला 'ठीक आहे' म्हणत होते. ते 'ठीक आहे' ऐकून मला भीती वाटायची, बाळा. मीठ असो नसो, ऊन असो सावली असो, त्यांना सगळं सारखंच झालं होतं. अशा माणसाकडे आपण आभार मागतो, तेव्हा त्याच्याजवळ जे उरलंच नाही तेच मागत असतो. मी म्हटलं, आभार राहू देत, आधी यांची तक्रार तर ऐकू. ज्या दिवशी ते 'मीठ नाही' म्हणाले, त्या दिवशी मला बरं वाटलं. चिमूटभर का होईना, त्यांना काहीतरी हवं होतं. ज्याला उणं काय ते कळलं, त्याला कधीतरी भरपूर काय तेही कळेल. आणि ते आतून कळलं की आभार मानायला शिकवावं लागत नाही."

"पण आज ते किती रडले."

"रडू देत. लेकीच्या आठवणीला आजवर तापाचा आणि काढ्याचाच वास होता. आज गुळाचा आला. तू त्यांना सोळा वर्षांचा ठेवा म्हणालास ना, तो हाच. तू तो बाहेरून नेऊन त्यांच्या हातात ठेवत होतास. त्यांच्याच घरातला ठेवा, त्यांना स्वतःलाच सापडायला हवा होता."

दुसऱ्या गावचे प्रवचनाचे बोलावणे आले होते, ते गिरिधरने नाकारले. "थोडे दिवस इथलीच कामं करीन म्हणतो," तो आचार्यांना म्हणाला. पहाटे उठून पाणी भरणे, सरपण फोडणे, चुलाणावर सगळ्यांच्या अंघोळीचे पाणी तापवणे, अशी कामे त्याने अंगावर घेतली. शेठ कधी त्याच्याजवळ येऊन उभे राहत. तो त्यांना उपदेश करीत नसे. तसे दोघे शेजारी उभे राहून जाळ पाहत.

पौषात कडाक्याची थंडी पडली. मुले गाडी घेऊन वडिलांना न्यायला आली. अप्पांच्या गालावर पुन्हा मांस धरलेले पाहून धाकटा तर रडायलाच लागला. शेठजींनी आचार्यांचे पाय धरले.

"बाबा, मी सुखी झालो, असं काही म्हणवत नाही," ते म्हणाले. "ती नाही, आणि घरी गेल्यावर जास्तच नसेल."

"नसेलच," आचार्य म्हणाले. "पोरांना जेवायला बरोबर घेऊन बसत जा. तीही एकटी पडली असतील."

शेठजींनी मान हलवली. मुलांनी सामान चढवले. बैल जुंपले गेले. शेठ गाडीत एक पाय ठेवून चढणार, तोच थांबले, खाली उतरले आणि अंगण ओलांडून चुलाणापाशी राख काढत बसलेल्या गिरिधरकडे आले. तो लगबगीने हात झटकून उभा राहिला.

"महाराज, सांगायचं राहिलं. आज अंघोळीचं पाणी फार छान तापलं होतं. ना कढत, ना कोमट. अंगावर पहिला तांब्या घेतला आणि वाटलं, वा!"

एरवी गिरिधरच्या ओठांवर कितीतरी वचने आली असती. त्या वेळी एकही आले नाही. "थंडी फार होती, म्हणून जाळ जरा लवकर घातला," तो म्हणाला.

"हो," शेठ म्हणाले. "ते कळलं मला."

त्यांनी हात जोडले, गाडीत जाऊन बसले, आणि गाडी नदीच्या वाटेला लागली. राखेने माखलेले हात तसेच धरून गिरिधर तिकडे पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. प्रवचनानंतर पुष्कळांनी त्याचे पुष्कळ आभार मानले होते. पण आभार म्हणजे काय, हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा ऐकायला मिळाले.