ताजं पान

फार वर्षांपूर्वी एका वडाखाली पाखरांची पाठशाळा भरे. वादळात ज्यांचं झाड पडलं, त्यांच्या पिलांना शिकता यावं म्हणून वनराणी लांबच्या मुलखातून भुईमुगाचे दाणे पाठवी. ते वाटायचं काम कारकून खारोबाकडे होतं.

कुंदा साळुंकीला मात्र दाणे मिळेनात. पौर्णिमेपर्यंत मिळाले नाहीत, तर शाळा सोडून आईबरोबर किडे वेचायला जाणं भाग होतं.

“वरूनच आले नाहीत गं,” खारोबा म्हणाला. त्याचे गाल फुगलेले होते. कुंदाने ते पाहिलं.

पुढच्या खेपेला तो म्हणाला, “पडलेल्या झाडाचं पान आण, पुरावा म्हणून. ताजं हवं हं!”

“पडलेल्या झाडाला ताजं पान कुठून येणार, काका?”

“नियम काय मी केलाय, बाई?”

कुंदा निघाली, ती कचेरीला वळसा घालून. खारींची खोड तिला ठाऊक होती. पुरून ठेवायचं आणि विसरायचं.

थोड्या वेळाने तिने मुख्याध्यापक बगळेसरांसमोर एक हिरवंगार पान ठेवलं. “सर, खारोबाकाकांना ताजं पान हवं होतं. त्यांच्याच कचेरीमागे भुईमूग उगवलाय.”

बगळेसरांनी पान निरखलं. मग कचेरीच्या दारातून आत मान लांब करून म्हणाले, “खारोबा, जरा तोंड उघडा बघू.”