टिटवी आणि मुंग्यांचा खटला

फार जुनी गोष्ट. माळावर एका टिटवीने उघड्यावर अंडी घातली, आणि नेमकी मुंग्यांची दाणे वाहायची वाट तिथूनच जात होती. मुंग्या अंडी पोखरतील या धास्तीने टिटवीने पोपटवकील गाठला. मुंग्यांनी त्याच्याच भावाला धरलं. "समोरच्यांशी एक शब्द बोलायचा नाही हं," पोपटाने टिटवीला बजावलं.

भावाभावांनी दिवसभर वाद घातला आणि म्हाताऱ्या घोरपडीने निकाल वाचला. टिटवीला त्यातलं अक्षर कळेना. नाचावं, की रडावं? "मी जिंकले का?" असं वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, "अंशतः!"

बिचारी गोंधळून घरी निघाली. अंड्यांपाशी पोचते तोच मुंग्यांची रांग घेऊन येणारी मुकादमीण भेटली. टिटवीला राहवेना. "काय गं, जिंकलं कोण?"

"अगोबाई, मी तुम्हालाच विचारणार होते!"

"मला काही नको गं, माझी अंडी तेवढी सांभाळा."

"एवढंच? मग आम्ही त्या दगडापलीकडून जातो की. आधी नाही का बोलायचं?"

"वकील बोलू नको म्हणाला."

"आमचाही तेच म्हणाला!"

मुंग्यांची रांग तिथल्या तिथे वळली. टिटवी निवांत अंड्यांवर बसली, तरी तिचा घोळ काही सुटेना. "पण मग जिंकलं कोण?"

"हळू बोला, टिटवीबाई," मुकादमीण म्हणाली, "वर झाडावर वकिलांना ऐकू गेलं, तर उद्या अपील करतील."