धारूबाईच्या दूरदेशीच्या बहिणी

पांघरूण घेतलंत का सगळ्यांनी? पाय आत घ्या बघू. हं, आता ऐका.

घाटमाथ्यावर एक गाव होतं. धारवडी त्याचं नाव. गावामागे उंच कडा, आणि कड्यावरून पाणी पडायचं, बारा महिने, रात्रंदिवस. गावातली माणसं त्याला धबधबा म्हणायची नाहीत. धारूबाई म्हणायची. त्यांची देवीच ती.

श्रावणात गावातली एक सवाष्ण धारूबाईची ओटी भरायची. दर वर्षी एका घराला मान. खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि तांदूळ. आता ओटी भरली की काय होतं? जिची ओटी भरतो, ती त्यातलेच चार दाणे आपल्याला परत देते. म्हणजे नातं एकाच बाजूचं राहत नाही, बरं का. धारूबाईही द्यायची. तांदूळ डोहात सोडले की एक गिरकी घेऊन चार दाणे काठाला यायचे. ते उचलायचे, कपाळाला लावायचे आणि मगच उठायचं. तोवर बसून राहायचं.

एका वर्षी हा मान होता म्हाळसेचा. म्हाळसा मोठी गुणाची बाई. उपास करायची, वाती वळायची, दारी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय सोडायची नाही. पण त्या दिवशी काय झालं, चुलीवर पुरण शिजत होतं आणि पाहुणे दारात होते. म्हाळसेनं ओटी भरली, हात जोडले आणि पुरण लागेल म्हणून लगबगीनं घरी आली. मागे चार दाणे काठाला आले. फिरले, थांबले, पुन्हा फिरले. त्यांना घ्यायला कुणीच नव्हतं.

मग धारूबाई रुसली. आधी धार बारीक झाली. मग कड्यावर नुसती ओल राहिली. मग तीही वाळली, आणि एके सकाळी गाव उठलं तर सगळीकडे चिडीचूप.

मोठ्या माणसांचं एक वेळ ठीक आहे. ती विहिरीचं पाणी प्यायली आणि गप्प राहिली. पण म्हाळसेची एक लेक होती, बकुळी. त्या पाण्याच्या आवाजातच जन्मलेली. तिला कधी अंगाई लागली नाही. रोज धारूबाई तिला झोपवायची. आवाज गेला आणि बकुळीची झोपच गेली. पापणी म्हणून मिटेना. मांडीवर घेतलं, थोपटलं, पायाला तेल लावलं, जायफळ उगाळून दिलं. पोर आपली टक्क जागी. गाल आत गेले. हाक मारली तरी मान वळवेना.

वैद्य आले. नाडी धरून बसले आणि म्हणाले, "हिला औषध नको, बाई. हिला झोप हवी. ती कुठून आणायची ते मला ठाऊक नाही. आणि आता फार वेळही नाही."

बकुळीचे वडील मीठ आणायला कोकणात उतरलेले. घरी म्हाळसा आणि तिची थोरली जाऊ, ठकूबाई. ठकूबाईची जीभ तिखट, पण रात्र रात्र पोरीला मांडीवर घेऊन बसायची ती हीच.

म्हाळसा कोरड्या डोहाशी जाऊन रडायला लागली. तिथे एक धोबी पक्षी होता. थंडीत आपल्या अंगणात येतो ना, शेपूट खालीवर करत पळणारा, तोच. दूरदूरच्या देशांतून येतो तो. तो म्हणाला, "रडून काय होणार? रुसलेल्या बाईची समजूत कोण काढतं? तिच्या बहिणी. धारूबाईच्या तीन थोरल्या बहिणी आहेत, परमुलखात दिलेल्या. मी त्यांना ओळखतो. त्यांची ओटी भर. त्यांनी दिलेले दाणे आणून हिच्या ओटीत घाल. पण त्यांनी द्यायला हवेत, बरं का. मागायचे नाहीत, ओढून घ्यायचे नाहीत. आणि या वेळी मध्येच उठायचं नाही."

म्हाळसा घरी आली. देवापुढे समई लावली. ठकूबाईला म्हणाली, "जाऊबाई, मी येईपर्यंत ही विझू देऊ नका. आणि बकुळीला..."

"बकुळीचं मला शिकवू नकोस," ठकूबाई म्हणाली. तिनं तीन खण आणि तीन नारळ गाठोड्यात बांधून दिले, तांदळाची पुरचुंडी आणि हळदकुंकवाचा करंडा दिला. "देशोदेशी निघालीस आणि हातात नारळ. वाटेत लोक विचारतील, बाई, देऊळ कुठेय. जा, लवकर ये."

धोबी पक्ष्यानं म्हाळसेचा पदर चोचीत धरला. म्हणाला, "डोळे मीट."

उघडले तेव्हा अंगाला सुया टोचल्यासारखी थंडी. सगळीकडे पांढरंच पांढरं. समोर कडा आणि कड्यावरून थोरली बहीण लोंबत होती. लोंबतच होती, बरं का. पडता पडता गोठली होती. हजार समया उलट्या टांगाव्यात तशा बर्फाच्या धारा. ना आवाज, ना हालचाल.

म्हाळसेनं त्या बर्फाला हळदकुंकू लावलं, तर बोट चिकटून बसलं. कसंबसं सोडवलं. पायथ्याशी खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ ठेवले आणि बसली. दाणे काही हलेनात. तेवढ्यात वर काहीतरी करकरलं.

"ऐकलंस?" पक्षी म्हणाला. "वरचा सुळका सुटतोय. चल."

म्हाळसेनं पक्ष्याकडे पाहिलं, आणि तिला काय दिसलं? त्याच्या इवल्याशा काळ्या डोळ्यात घरची समई. ज्योत जाईच्या कळीएवढी झाली होती. समईत तेल भरपूर होतं. ज्योतच लहान होत होती, पोरीच्या जिवासारखी.

तिला वाटलं, पळावं, घरी जावं, लेकीला उराशी धरावं. पण ती बसून राहिली. वर पुन्हा करकरलं. बर्फाचा चुरा तिच्या केसांवर पडला. "थोरल्याबाई," ती हळूच म्हणाली, "मी बसलेय हं."

मग बर्फाच्या पोटातून, अगदी आतून, पाण्याचा एक धागा सुटला. तांदळापाशी आला आणि चार दाणे वाहत वाहत तिच्या पायाच्या बोटाला लागले. म्हाळसेनं ते उचलले, कपाळाला लावले, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि बाजूला झाली. ती बसली होती त्याच जागी सुळका येऊन आदळला.

"डोळे मीट," पक्षी म्हणाला.

दुसरा देश उन्हाचा. काळ्या खडकांची जमीन, आणि समुद्राएवढी रुंद नदी एकदम खाली कोसळत होती. ही मधली बहीण. काय तिचा आवाज म्हणून सांगू! जमीन थरथरत होती. पाण्याची वाफ ढगापर्यंत गेली होती आणि त्यात इंद्रधनुष्यं, एकात एक. दुसऱ्या कुठल्या दिवशी म्हाळसा बघतच राहिली असती.

एका खडकावर तिनं ओटी मांडली. लाट आली. खण नेला, नारळ नेला, तांदूळ नेले. मग दाणे एका भोवऱ्यात गरगर फिरायला लागले. हात लांबवला असता तर मिळाले असते. पण ओढून घ्यायचे नव्हते ना? म्हाळसेनं नुसता पदर पुढे धरला.

पाणी वाढायला लागलं. पावलं बुडाली, गुडघे बुडाले. पक्षी तिच्या डोक्याभोवती घिरट्या घालत होता. चोच उघडत होती, मिटत होती, पण त्या गर्जनेत एक अक्षर ऐकू येईना. तो अगदी तोंडापाशी आला तेव्हा त्याचा डोळा दिसला. ज्योत आता मुगाच्या डाळीएवढी.

पाणी कमरेला लागलं, मग छातीला. म्हाळसेला पोहता येत नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात बकुळीचं नाव घेतलं. तोच एक भली मोठी लाट आली आणि तिला उचलून काठावर फेकून गेली. धडपडत तिनं आधी गाठ चाचपली. थोरलीचे दाणे जागेवर होते. मग पदर उलगडून पाहिला. पदराच्या घडीत चार ओले दाणे. मधलीची देण्याची तऱ्हाच तशी, दांडगी.

जागे आहात ना रे? चुळबूळ नको. अजून एक बहीण राहिलीय.

तिसरा देश रानाचा. झाडं अशी दाट की आकाश दिसेना. वर एक डोंगर, आणि इतक्या उंचावरून ती तिसरी पडत होती की खाली पोचतच नव्हती. वाटेतच तिचं धुकं व्हायचं. जमीन कोरडी आणि वर नुसता पांढरा पदर हलताना दिसायचा.

म्हाळसेनं पायथ्याशी ओटी भरली आणि बसली. काहीच झालं नाही. ऊन कलायला लागलं.

"पाखराला अंधारात दिसत नाही," पक्षी म्हणाला. "उजेड गेला तर मला वाट सापडायची नाही. दोघींचे दाणे मिळालेत. चल ना." त्याच्या डोळ्यात आता मोहरीएवढी ठिणगी होती.

म्हाळसा उठली. एक पाऊल टाकलं. टाकलं आणि थबकली. तिच्या मनात आलं, या बाईचे पाय जन्मात जमिनीला लागलेले नाहीत. मग मी हिची ओटी जमिनीवर का भरलीय? ओटी पदरात भरायची असते.

तिनं सगळं परत ओच्यात घेतलं. शेवाळलेल्या खडकावर चढली, पाय घसरला, गुडघा फुटला, तरी चढली. टोकावर उभी राहिली आणि ओटी दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली. हात भरून आले, थरथरायला लागले. खाली दरी, मागे मावळता उजेड. मग थंडगार धुकं खाली उतरलं आणि तिच्या हातांतून ओटी अलगद उचलून घेतली. तिच्या भांगात काहीतरी टपटपलं. चार दाणे.

म्हाळसेनं ते कपाळाला लावून दोघींच्या दाण्यांशेजारी गाठीत बांधले. "आता," पक्षी म्हणाला, आणि उजेडाच्या शेवटच्या तिरीपेत दोघं निघाली.

धारवडीत तिन्हीसांज झाली होती. ठकूबाई उंबऱ्यात बसलेली, मांडीवर बकुळी. डोळे सताड उघडे, पण त्यात ओळख नाही. "आलीस?" ठकूबाई म्हणाली. "आधी हिला घे."

घ्यावंसं म्हाळसेला किती वाटलं असेल. पण एकदा लेकीला जवळ घेतलं तर आपल्याला उठवायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. ती तशीच मागच्या कड्याकडे धावली. ठकूबाई एका खांद्यावर पोर आणि एका हातात समई घेऊन मागोमाग. "पोर हातातून चाललीय, म्हाळसे, आणि तुला तांदळाचं पडलंय?"

म्हाळसेनं गाठ सोडली. कोरड्या खडकावर तिघींचे दाणे ठेवले, त्यात घरचे तांदूळ घातले. म्हणाली, "धारूबाई, तुझ्या बहिणींनी दिलेत. मी तेव्हा घाईत होते. चूक माझी होती, पोरीची नव्हती." आणि बसली.

कडा कोरडाच. खडकावर एक मुंगी दाण्यांभोवती फिरून निघून गेली. समईची ज्योत निळी झाली. ठकूबाईला कळेना, ओरडावं की रडावं. शेवटी तीही मुकाट्यानं म्हाळसेशेजारी टेकली. बकुळीचा श्वास ऐकायचा तर कान लावावा लागत होता. म्हाळसेनं तिचा हात हातात घेतला, पण नजर खडकावरून हलवली नाही. उठली नाही.

मग खडकावरचे दाणे थरथरले.

"वारा असेल," ठकूबाई पुटपुटली. पण वारा नव्हता.

वर कुठेतरी ठप्प असा आवाज झाला. एक थेंब. मग दुसरा. मग कड्यावरून एक बारीक धार लकाकत खाली आली. तिनं दाण्यांना कवेत घेतलं, डोहात एक गिरकी मारली, आणि चार दाणे म्हाळसेच्या पुढ्यात काठाला आले. फिरले नाहीत, थांबले नाहीत, सरळ आले.

म्हाळसेनं ते उचलले, कपाळाला लावले आणि बकुळीच्या मुठीत ठेवले. तेवढ्यात धार धो धो कोसळायला लागली, तुषार उडाले, आणि समई विझली.

अंधारात कुणाला काही दिसेना. पाण्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येईना. म्हाळसेनं लेकीच्या छातीवर कान टेकला.

"काय गं?" ठकूबाईनं विचारलं. "बोल ना. काय?"

"जाऊबाई," म्हाळसा म्हणाली, "ही घोरतेय."

ठकूबाईनं डोळे पुसले. "घोरणारच. बापावर गेलीय."

बकुळी झोपली ती दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत झोपली. उठली आणि म्हणाली, भूक लागली. वडील मीठ घेऊन आले तेव्हा ती अंगणात धोबी पक्ष्यामागे पळत होती. सगळी सुखात राहिली, धारूबाईसुद्धा. आणि धारवडीत आता ओटी भरायला जाते ती बाई बसायला चटई घेऊन जाते. दाणे आल्याशिवाय उठत नाही. घरी पुरण जरा खाली लागलं तर ठकूबाई म्हणते, लागू दे, मी खरवडून खाईन.

चला, मिटा बघू डोळे. बकुळीसारखी गाढ झोप लागू दे तुम्हांला. मी बसलेय इथे उशाशी. तुम्ही झोपेपर्यंत काही उठत नाही.